पाढ्याला चॉकलेट, श्लोकाला रुपया?

परीक्षा संपून सुट्टी लागली की घरोघरी एक छोटासा बाजार भरतो. "रोज एक पान शुद्धलेखन लिहिलंस तर संध्याकाळी आइस्क्रीम." "तीसपर्यंत पाढे पाठ कर, नवी बॅट घेऊन देते." "पेटीचा रियाज कर, मग अर्धा तास मोबाइल बघ." आई देणार, मूल घेणार, आणि मध्ये शिकण्याचा माल! मग रीतसर घासाघीसही होते. मूल विचारतं, "एका पानाला एक आइस्क्रीम, तर दोन पानांना दोन का नाही?" यावर काय बोलायचं ते आपल्याला सुचत नाही.

मैत्रिणींनो, आपली मुलं पाच-सहा तास शाळेत असतात. उरलेल्या वेळात ती जे शिकतात, त्याला हजेरीपट नाही, घंटा नाही, की बाईंचा धाक नाही. पाठांतर, चित्रकला, पेटी-तबला, बुद्धिबळ, अवांतर वाचन, पक्षी ओळखणं, स्वयंपाकघरात पोळी लाटायची धडपड, हे सगळं हौसेवर चालतं. ती हौस टिकावी म्हणूनच तर आपण बक्षीस लावतो. पण त्या बक्षिसापायीच हौस आटत असेल तर? सुट्टीतलं आइस्क्रीम मूल विसरून जाईल, पण आपण होऊन पुस्तक हातात घ्यायची सवय एकदा मोडली तर ती कुठल्या दुकानात मिळणार?

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," असं घरातल्या आजी म्हणतात. पण होतं की! दिवेलागणीला शुभंकरोती, पाढे, पर्वचा म्हणून झाली की हातावर खडीसाखर पडायची. नवा श्लोक न अडखळता म्हटला की आजोबा बंडीच्या खिशातून एखादं नाणं काढायचे. मात्र ते नाणं आधी ठरलेलं नसायचं. कधी मिळायचं, कधी नुसताच पाठीवरून हात फिरायचा. हा फरक वरवर पाहता बारीक वाटतो, पण पुढे जे सांगणार आहे, त्यात सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

पदक कुणाला हवंय?

बक्षिसाचा हा प्रश्न शिक्षणाचा विचार करणाऱ्या थोर बायकांनाही पडला होता. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तिथे घडलेला एक प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. बालगृहातल्या बाईंनी एका शहाण्या मुलाला रिबिनीला अडकवलेलं पदक घातलं होतं आणि दुसऱ्या एका मुलाला शिक्षा म्हणून खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. पदकवाला आपलं सामान इकडून तिकडे नेण्यात अगदी गुंग होता. जाता-येता त्याचं पदक खाली पडलं. शिक्षा झालेल्या मुलानं ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि पडल्याचं त्याला सांगितलं. पहिल्याला त्याचं काहीच वाटलं नाही. तुला नको तर मी घालू का, असं विचारल्यावर खुशाल घाल म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला! ज्याला काम मिळालं होतं त्याला पदकाची गरज नव्हती, आणि ज्याच्या हाताला काम नव्हतं तो पदक घालून मजेत बसला.

याच विचारांचं बालशिक्षण आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी रुजवलं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दोघांनी बरोबर काम केलं. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. शिक्षेची भीती आणि बक्षिसाची लालूच, दोन्ही मुलाच्या शिकण्याच्या आड येतात, असं गिजुभाई आग्रहानं मांडत.

"हे सगळं पुस्तकात ठीक आहे हो," असं तुम्ही म्हणाल. तेव्हा आता एका प्रयोगाविषयी सांगते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला हा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगीत स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडतं, अशी तीन ते पाच वर्षांची ५१ मुलं त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, की चित्रं काढलीत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं छानसं प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्या गटाला आधी काही सांगितलं नाही, पण चित्रं झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्रक दिलं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही.

एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं मांडून ठेवली. कुणी बोलावलं नाही, कुणी बक्षीस लावलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या मुलांनी त्या मोकळ्या वेळातला शंभरातला सतरा-अठरा हिस्सा चित्रं काढण्यात घालवला. पहिल्या गटातल्या मुलांनी मात्र जेमतेम आठ-नऊ हिस्सा, म्हणजे निम्माच! चित्रकला तीच, पेनंही तीच, पण आधी ठरवलेल्या बक्षिसानं त्यातली गोडी अर्ध्यावर आणली.

असं का व्हावं? मूल बोलून दाखवत नाही, पण मनात हिशोब करतं. "मी चित्र का काढतो? मजा येते म्हणून." हे उत्तर एकदा "फीत मिळते म्हणून" असं झालं, की फीत नसेल तेव्हा चित्र काढण्याचं कारणच उरत नाही. अचानक मिळालेल्या बक्षिसानं हा हिशोब बिघडत नाही. आजोबांच्या नाण्याचं मर्म हेच होतं.

मग द्यायचंच नाही का?

तसं नाही. मुलाला ज्या गोष्टीची मुळीच गोडी नाही, तिथे बक्षीस कामाला येतं. गोडीच नसेल तर जायचं काय? अक्षर सुधारणं, पाढे, शब्दांची वही हे प्रकार सुरुवातीला रुक्षच असतात. पहिले काही दिवस चार फुटाण्यांची लालूच दाखवून गाडी सुरू केली तर बिघडत नाही. थोडं जमायला लागलं की जमण्यातलीच मजा पुढे ओढून नेते. तोवर बाहेरून ढकलायचं, एवढंच.

पण ढकलायचं कुठल्या बाजूनं, हेही पाहावं लागतं. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतल्या काही शहरांत शाळकरी मुलांना खरोखरीचे पैसे देऊन पाहिले आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांवर पैसे दिले. गुण काही वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना प्रत्येक पुस्तक वाचून त्यावरचे प्रश्न सोडवले की दोन डॉलर दिले. तिथे इंग्रजीतून चाचणी देणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलेलं दिसलं. कारण उघड आहे. "पुस्तक वाच" म्हटलं तर काय करायचं ते मुलाला कळतं. "नव्वद टक्के मिळव" म्हटलं तर नेमकं काय करायचं ते त्याला उमगत नाही. तेव्हा बक्षीस लावायचंच असेल, तर जे मुलाच्या हातात आहे त्याला लावावं. "स्पर्धेत पहिला नंबर आला तर सायकल" यापेक्षा "महिनाभर रोज वीस मिनिटं रियाज केलास तर रविवारी तुझ्या आवडीचा बेत" हे कितीतरी बरं. नंबर परीक्षकाच्या हातात असतो. रियाज मुलाच्या हातात असतो.

पुस्तकांचा भाव लावतानाही जपावं लागतं, बरं का! मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथला एक अनुभव सांगते. एका घरी "एका पुस्तकाला दहा रुपये" असं ठरलं होतं. मुलगा हुशार! तो वाचनालयाच्या कपाटातून निवडून निवडून पातळ, मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं न्यायचा. सुट्टीत त्यानं बावीस पुस्तकं संपवली. शाळा उघडल्यावर मी सहज विचारलं, "त्यातली कुठली गोष्ट आवडली रे?" तर त्याला दोन पुस्तकांची नावंसुद्धा धड सांगता येईनात. त्यात त्याचा दोष नव्हता. आकड्याला पैसे होते, म्हणून त्यानं आकडा वाढवला. पण त्याच सुट्टीत एखादं जाडजूड साहसाचं पुस्तक त्यानं पंधरा दिवस पुरवून वाचलं असतं, तर ते जन्मभर त्याच्या लक्षात राहिलं असतं.

कौतुकाचीही रीत असते

बक्षीस म्हणजे नेहमी वस्तूच असते असं नाही. "शाबास" हेही बक्षीसच, आणि सगळ्यात स्वस्त. पण तेही बेतानं द्यावं. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या संशोधक बायकांनी १९९८ मध्ये असं दाखवलं, की कोडी सोडवल्यावर ज्या मुलांना "किती हुशार आहेस!" म्हटलं, त्यांनी पुढच्या वेळी सोपी कोडी पसंत केली, आणि अवघड कोड्यांत अडल्यावर ती लवकर खचली. ज्यांना "छान मेहनत केलीस" म्हटलं, ती अवघड कोड्यांना भिडली. हुशारीचा शिक्का एकदा बसला, की तो पुसला जाईल या भीतीनं मूल अवघड वाटेला जातच नाही.

तेव्हा "वा, वा, किती सुंदर!" असं पोळी लाटता लाटता, मान वर न करता म्हणण्यापेक्षा, दोन मिनिटं हातातलं लाटणं बाजूला ठेवून नीट बघा आणि जे दिसतं ते सांगा. "परवाच्या चित्रात बैलाचे पाय काठीसारखे होते, आज गुडघे वाकलेत." "तो अवघड पलटा तू चारदा पुन्हा घेतलास, पाचव्यांदा बरोबर आला." आई खरोखर बघते आहे, हे मुलाला लगेच कळतं. त्या पाहण्याची भूक त्याला चॉकलेटपेक्षा जास्त असते.

बक्षीस त्याच वाटेवरचं असावं

आता कामाचं सांगते. वाचनाला पिझ्झा आणि गाण्याला व्हिडिओ गेम दिला, तर मुलाला वाटतं, की वाचन म्हणजे कडू औषध आणि पिझ्झा म्हणजे वरून दिलेली साखर. त्याऐवजी मूल ज्या वाटेनं चाललं आहे, तिथेच पुढे नेणारी वस्तू द्यावी. काही सुचलेले प्रकार असे:

वाचनाची आवड असेल तर मुलाच्या स्वतःच्या नावानं वाचनालयाची वर्गणी भरा, किंवा बालभारतीचं "किशोर" हे मासिक सुरू करा. १९७१ पासून ते मुलांसाठी निघतं आहे. एखाद्या शनिवारी रात्री दिवा अर्धा तास उशिरा मालवायची परवानगी द्या. वाचणाऱ्या मुलाला याहून मोठं बक्षीस नाही.

चित्रकलेला चांगला जाड कागद, मऊ शिशाच्या दोन-तीन पेन्सिली आणि भिंतीवर एक हक्काची जागा. दर आठवड्याला तिथलं चित्र मुलानंच बदलायचं.

गाण्या-वाजवण्याला एखाद्या मैफिलीला बरोबर नेणं, नाहीतर रविवारी संध्याकाळी घरातल्या चार माणसांसमोर सतरंजी टाकून बैठक. आजोबांनी "पुन्हा एकदा होऊ दे" म्हटलं की झालं!

विज्ञानाची ओढ असेल तर एक साधं भिंग. मुंबईला जाणं झालंच तर वरळीचं नेहरू तारांगण आणि जवळचंच नेहरू विज्ञान केंद्र. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे. सातारा भागात असाल तर औंधचं श्री भवानी संग्रहालय. आणि काहीच जमलं नाही तर गच्चीवर चटई टाकून सप्तर्षी शोधायला कुठे पैसे पडतात?

स्वयंपाकघरात शिकणाऱ्याला एक दिवस सगळ्या घराचा बेत ठरवू द्या. भाजी त्यानंच निवडायची, पैसे त्यानंच मोजून द्यायचे. मुलगा असला तरी, बरं का! हिशोब, मापं, वेळेचा अंदाज, सगळं त्यात आपोआप येतं.

दोन मुलं, एक आई

बक्षिसाची खरी परीक्षा होते ती घरात दोन मुलं असली की. थोरलीला श्लोक एकदा ऐकून पाठ होतो, धाकट्याला आठवडा लागतो. "आधी पाठ करेल त्याला बक्षीस" असं म्हटलं, की धाकटा दुसऱ्याच दिवशी पुस्तक मिटतो. आपण हरणारच, हे त्याला ठाऊक असतं. अशा वेळी दोघांची तुलना एकमेकांशी न करता ज्याची त्याच्या कालच्या दिवसाशी करावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांना दोन रंगांची पेन्सिल द्या. ज्या दिवशी आपला अभ्यासाचा वेळ पाळला, त्या तारखेवर मुलानं स्वतःच टिंब करायचं. टिंबं कुणी मोजायची नाहीत, खोटं टिंब केलंस का म्हणून उलटतपासणी करायची नाही. महिन्याअखेरी दोघांनी मिळून काय करायचं ते दोघांनीच ठरवायचं. बक्षीस एकत्र असलं, की थोरली धाकट्याला श्लोक शिकवायला बसते, असा अनुभव येतो.

आणखी एक. दिलेला शब्द पाळावा. "पुढच्या महिन्यात बघू" असं दोनदा झालं, की मूल बक्षिसाचा आणि आपला, दोघांचाही हिशोब मनात लिहून ठेवतं. झेपेल तेवढंच कबूल करावं. शेजारणीनं टॅब घेऊन दिला म्हणून आपणही हप्त्यावर आणायची काही गरज नाही.

परीक्षा, पदकं, प्रशस्तिपत्रकं

गणेशोत्सवात पाठांतराच्या आणि रांगोळीच्या स्पर्धा असतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका आणि पुढच्या परीक्षा असतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. त्यांच्यामुळे शिकण्याला एक क्रम येतो, चार लोकांपुढे उभं राहायचा धीर येतो. पण परीक्षा हेच शिकण्याचं कारण होऊन बसलं तर?

एक मुलगी माझ्या पाहण्यातली आहे. पाचवी-सहावीत तिच्या वह्यांची मागची पानं चित्रांनी भरलेली असायची. आठवडा बाजारातल्या म्हशी, एसटीच्या खिडकीतली माणसं, आजीचे चष्म्याआडचे डोळे. दहावीला वाढीव गुण मिळतील म्हणून तिला क्लासला घातलं. दोन वर्षं ती घड्याळ लावून स्थिरचित्र आणि संकल्पचित्र काढत होती. इंटरमिजिएटला तिला "अ" श्रेणी मिळाली, घरी पेढे वाटले, वाढीव गुणही मिळाले. आता तिची रंगपेटी माळ्यावर आहे. "गुण मिळाले ना, आता कशाला?" असं ती हसत म्हणते. तिच्या आईनं सगळं तिच्या भल्यासाठीच केलं होतं, आणि क्लासही चांगलाच होता. फक्त त्या दोन वर्षांत गुणांशी संबंध नसलेलं एकही चित्र तिच्या हातून झालं नाही. आठवड्यातून एक दिवस तरी कुणी न तपासणारं चित्र तिला काढू दिलं असतं तर, असं मला राहून राहून वाटतं. तुमच्या घरी मूल परीक्षेला बसत असेल, तर तो एक दिवस मात्र जरूर राखून ठेवा.

सवय लागली असेल तर

"आमच्याकडे तर बक्षिसाशिवाय पानही हलत नाही, आता काय करू?" असं विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडंसं. एका फटक्यात सगळं बंद करू नका. मुलाला ती शिक्षा वाटेल. आधी वस्तू लहान करा, मग त्यातलं अंतर वाढवा. रोजचं आठवड्यावर न्या, आठवड्याचं महिन्यावर. वस्तूच्या जागी हळूहळू आपला वेळ द्या. कॅरमचा एक डाव, संध्याकाळचा फेरफटका, झोपताना एक गोष्ट. आणि मधूनच, काही न ठरवता, "आज मन लावून बसला होतास, चल, भेळ खाऊन येऊ" असं म्हणा. अपेक्षा नसताना मिळालेली ही भेळ तोंडाला चव आणते आणि अभ्यासाची गोडीही घालवत नाही.

घरातल्या मोठ्या मंडळींशीही आधी बोलून घ्या. आपण एकीकडे बंद करायचं आणि काकांनी दुसरीकडे शंभराची नोट पुढे करायची, असं झालं तर सगळी मेहनत पाण्यात. "काका, पैशांऐवजी तिला तुमच्या लहानपणची गोष्ट सांगा ना," असं म्हटलं, की काका खूश आणि मूलही खूश.

येत्या रविवारी एक करून पाहा. मुलाला बाजूला बसवून विचारा, "बक्षीस नाही, परीक्षा नाही, कुणी बघणारही नाही, तर तुला काय शिकायला आवडेल?" उत्तर कदाचित तुमच्या मनातलं नसेल. पतंग बनवायला, कुलपं उघडून बघायला, मुंग्यांचं वारूळ शोधायला, असलं काहीतरी निघेल. हसू नका, नाक मुरडू नका. लागेल ते सामान आणून द्या आणि तासभर त्याला त्याच्या कामात राहू द्या. त्या तासाला मात्र बक्षीस अजिबात लावायचं नाही!